डाव्या दांडीचे पंचवीस मिलिमीटर

ज्या गाडीला दारं नाहीत, काचा नाहीत, दिवे नाहीत, नंबर नाही आणि छप्पर म्हणून नुसत्या लोखंडी नळ्या आहेत, अशी एक गाडी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरा दिवस उभी होती. त्या सतरा दिवसांत माझ्याशी एकही माणूस सरळ बोलला नाही. मीही कोणाशी बोललो नाही म्हणा. मी फक्त ओरडत होतो.

गाडी माझी नव्हे. आमची कन्या सुरुची यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजातल्या दहा जणांनी मिळून मातीच्या रिंगणात पळवायची शर्यतीची गाडी बनवली होती. नऊ मुलगे आणि ही एकटी मुलगी. चालवायचं कोणी, हे ठरवताना घड्याळ लावलं तेव्हा हिचीच वेळ सगळ्यांत कमी आली, म्हणून ड्रायव्हर ही. पण टीमचा कॅप्टन योगेश याने त्या निर्णयाला ‘सध्या तरी’ असे दोन शब्द जोडले होते. ते दोन शब्द हिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते, आणि आमच्या घरात मासे कोणी खात नाही.

आता ही गाडी कॉलेजात का नाही, माझ्या दारात का, असा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडला होता. कॉलेजचं वर्कशॉप पाचला बंद होतं. पाचनंतर थांबायचं तर तीन सह्या लागतात. दोन मिळाल्या, आणि तिसरी सही करणारे प्राध्यापक ‘वेळेचे व्यवस्थापन’ या विषयावर बोलायला कोइमतूरला गेले ते परत येईनात. सोसायटीत आमची पार्किंगची जागा इतरांपेक्षा थोडी ऐसपैस आहे. तेव्हा एका सकाळी टेंपो आला आणि ते लोखंडी माकड माझ्या जागेत उतरवून गेला. मी माझी स्वतःची गाडी बाहेर रस्त्यावर, कावळ्यांच्या झाडाखाली लावली. त्याबद्दल मला कोणी धन्यवाद दिले नाहीत.

अर्ध्या तासात वासंतीबाई खाली आल्या. वासंतीबाई लिमये आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता आम्हाला शिकवतात. त्या म्हणाल्या, नियम अकरा, पार्किंगमध्ये फक्त नोंदणी झालेलं वाहन. मी कॉलेजचं पत्र आणलं. त्यात लिहिलं होतं की सदर वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य नाही. बाईंनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि म्हणाल्या, जे वाहन रस्त्यावर चालत नाही ते भंगार. भंगार अठ्ठेचाळीस तासांत हलवायचं, नियम चौदा. मी दुसरं पत्र आणलं, की हे वाहन नसून शैक्षणिक साहित्य आहे. त्या म्हणाल्या, मग ते घरातलं सामान झालं, आणि घरातलं सामान पार्किंगमध्ये ठेवता येत नाही, नियम नऊ. शेवटी मी संतापून म्हणालो की ही पाहुण्यांची गाडी आहे. त्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, “पाहुण्यांना चोवीस तास मुभा आहे, आगाशे. पण आपण रजिस्टरमध्ये नोंद करायची.”

तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता मी वॉचमनच्या रजिस्टरमध्ये गाडीला बाहेर काढायचो आणि नऊ वाजून एक मिनिटाने पुन्हा आत घ्यायचो. येणाऱ्याचे नाव, गाडी. कोठून आले, कॉलेज. कोणाकडे, आगाशे. कामाचे स्वरूप, या रकान्यात मी पहिल्या दिवशी ‘दुरुस्ती’ लिहिलं आणि सहाव्या दिवसापासून ‘मनस्ताप’ लिहायला लागलो. वॉचमनने ते एकदाही वाचलं नाही.

गाडीचा आजार असा होता. सरळ जायची ठीक. पण डावीकडे वळण घेतलं आणि जरा जोर दिला की तिचं बूड बाहेर निसटायचं आणि ती स्वतःभोवती गिरकी घ्यायची. मातीच्या रिंगणात सगळी वळणं डावीकडेच असतात, म्हणजे या गाडीला नेमकं तेवढंच येत नव्हतं. शर्यत अडीच आठवड्यांवर आली होती.

यावर सोसायटीतल्या प्रत्येकाकडे उपाय तयार होता. तळमजल्यावरचे कुंटे बँकेतून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, मागे वाळूची दोन पोती टाका. मी म्हणालो, शर्यत आहे, बांधकाम नाही. चौथ्या मजल्यावर उत्तरेश्वर नावाचा तरुण घरूनच आयटीचं काम करतो, म्हणजे दिवसभर गॅलरीत उभा असतो. त्याने वरूनच सांगितलं, “अंकल, बेसिकली तुमचा रिअर लूज आहे. व्हिडिओ पाठवतो, बघून घ्या.” आमच्या सौभाग्यवती हेमा यांनी सुचवलं की एवढी गोल फिरते तर निदान एखादा नारळ तरी फोडून बघावा. मी कोणाचंच ऐकलं नाही. मी भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी मी टेंपोच्या टेंपो माल परत पाठवलेला आहे. माझ्या सहीशिवाय त्या कारखान्यातून एक नट बाहेर पडला नाही. मग माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीला हे लोक वाळू आणि नारळ सुचवतात म्हणजे काय?

मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. या गाडीची मागची दोन्ही चाकं एका आसावर बसवलेली आहेत, आणि तो आस दोन्ही बाजूंना एकेका लोखंडी दांडीने गाडीच्या सांगाड्याला धरलेला आहे. पोरं त्या दांडीला लिंक म्हणतात. दांडीचं एक टोक आसाला, दुसरं पुढे सांगाड्याला, आणि टोकांना आटे असल्यामुळे दांडी थोडी लांब किंवा आखूड करता येते. सांगाडा आणि दांड्या शिवणे गावच्या मच्छिंद्रने बनवल्या होत्या. मच्छिंद्रचं दुकान म्हणजे खिडक्यांच्या जाळ्या, गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मोजायला काय वापरतोस, असं मी त्याला गाडी उतरवताना विचारलं होतं. तो म्हणाला, दोरी आणि डोळा. त्याच क्षणी आजाराचं मूळ मला समजलं होतं.

पार्किंगच्या फरशीला पाणी जायला उतार आहे, हे माझ्या लक्षात होतं. म्हणून मी लेव्हल लावून चाकांखाली पत्र्याचे तुकडे सरकवले. इतका मी काटेकोर. मग सरळ रेषेसाठी मी खाली पाहिलं. आमच्या जागेला दोन पिवळे पट्टे मारलेले आहेत, एक लांबीचा आणि एक मागचा. सर्वसाधारण सभेत ठराव मांडून, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसकट मंजूर झालेले पट्टे. ठरावाने मारलेली रेघ वाकडी असेल, ही शंका पुण्यात हयात काढलेल्या माणसाला येत नाही. मी सांगाडा लांबीच्या पट्ट्याला समांतर लावला, ओळंबे सोडले आणि मागचा आस मागच्या पट्ट्याशी ताडून पाहिला. डावीकडे तब्बल पंचवीस मिलिमीटरचा फरक निघाला. पंचवीस! मला इतका आनंद निवृत्तीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता.

मी मच्छिंद्रला फोन लावला आणि चौतीस वर्षं पुरवठादारांशी ज्या सुरात बोललो त्याच सुरात बोललो. तो म्हणाला, दोन्ही दांड्या सारख्या हायत साहेब, दोरी धरून बघितल्यात. मी त्याला सांगितलं की दोरी कपडे वाळत घालायला असते. तो “बरं साहेब” म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मी स्वतः पाना घेऊन डावी दांडी आखूड करायला बसलो. सुरुची शेजारी उभी होती. ती म्हणाली, बाबा, प्रॉब्लेम वळणावर येतो, सरळ जाताना नाही. मी म्हणालो, जे सरळ नाही ते वळणार काय! ती आणखी काहीतरी सांगत होती, बहुतेक गॅस सोडताना आणि देताना काय वेगळं होतं याबद्दल. मी तिला गप्प बसायला सांगितलं, कारण मी आटे मोजत होतो आणि माझा आकडा चुकला असता.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी सिंहगडाच्या अलीकडे सर्जेरावांच्या पडीक रानात चाचणी होती. सर्जेरावांनी तिथे मातीचं रिंगण करून दिलं आहे आणि शेजारी वांगी लावली आहेत. पोरं होती, मी होतो, आपलं काम कसं पळतं ते बघायला मच्छिंद्रही आला होता. मी त्याला नमस्कार केला नाही. सुरुची गाडीत बसली, पट्टे आवळले आणि निघाली.

गाडी सरळ जातानाच तिरकी जात होती. रस्त्यावरचं कुत्रं धावतं तशी, तोंड एकीकडे आणि बूड दुसरीकडे. पहिलं डावं वळण आलं, बूड उजवीकडे सुटलं, गाडीने दीड गिरकी घेतली आणि सर्जेरावांच्या वांग्यांत जाऊन बंद पडली. मी धावलो तेव्हा सर्जेराव माझ्या पुढे पोचले होते. “वांगी ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “पोरगी बरी हाय का बघा.” पोरगी बरी होती. हेल्मेटमध्ये माती आणि डोळ्यांत अंगार.

योगेशने मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि जाहीर केलं, “ड्रायव्हर एरर.” पोरांनी माना डोलावल्या. आणि आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला माझाच एवढा राग येतो की हे वाक्य मी तीनदा खोडलं आहे. मीही मान डोलावली. नुसती डोलावली नाही, “गॅस जरा जास्त झाला असेल” असंही म्हणालो. कारण दुसरी शक्यता एकच होती, की आगाशे यांचं माप चुकलं, आणि ती शक्यता मी तपासणीलाच घेतली नव्हती. सुरुचीने माझ्याकडे पाहिलं. योगेशने तिथेच सांगितलं की शर्यतीत गाडी तो चालवेल.

सगळे पांगल्यावर मच्छिंद्र तिच्यापाशी गेला. त्याने खिशातली दोरीही काढली नाही आधी. त्याने विचारलं, “ताई, सुटतीय कुठं? गॅस सोडल्यावर का दिल्यावर?”

आणि ती बोलायला लागली. वळणात शिरताना गाडी उजवीकडे कलते तोवर बरी असते, कलून स्थिर झाली आणि गॅस दिला की मागचं डावं चाक पुढे ओढल्यासारखं होतं, कमरेला आधी कळतं आणि हाताला नंतर, असं सगळं तिने बारकाईने सांगितलं. मच्छिंद्र मान हलवत ऐकत होता. माझ्या घरात वीस वर्षं राहणाऱ्या मुलीला इतकं सलग बोलता येतं, हे मी वांग्याच्या शेतात उभा राहून ऐकत होतो.

मग त्याने दोरी काढली, सांगाड्याच्या मध्यापासून दोन्ही चाकांपर्यंत धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “डावी दांडी पंचवीस आखूड केलीया कुणीतरी.” त्या ‘कुणीतरी’मध्ये जी सभ्यता होती ती मला थोबाडीत बसल्यासारखी लागली. पुढे त्याने मूळ दुखणंही सांगितलं. दांड्यांची लांबी मुळात बरोबरच होती, चूक होती ती चढाची. डावी दांडी पुढच्या बाजूला फार चढती होती. वळणावर गाडी उजवीकडे कलली की डावी बाजू वर उचलली जाते, तशी ती दांडी आणखी उभी होते आणि डाव्या चाकाला पुढे ओढते. आस तिरका होतो आणि बूड बाहेर फेकलं जातं. सांगाड्यावर त्याने दांडीसाठी एकाखाली एक तीन भोकं आधीच पाडून ठेवली होती. डावीचा पुढचा बोल्ट एक भोक खाली घ्यायचा, बस्स.

मी म्हणालो, मग उजवीचाही घ्यायला हवा, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. मच्छिंद्र म्हणाला, “साहेब, रिंगण एकाच बाजूला वळतंय. गाडी सारखी करून काय उपेग?”

परतीच्या वाटेवर वारजं आलं. सुरुची खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाबा, तू सगळं मोजलंस. फरशीसुद्धा मोजलीस. मला एकदाही विचारलं नाहीस.” मी म्हणालो, मी आटे मोजत होतो. हे उत्तर म्हणून मलाही पटलं नाही.

घरी आल्यावर भर दुपारी, जेवणाचं ताट तसंच ठेवून मी दोरी घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. मला अजून आशा होती. पट्टे मापले, काटकोनासाठी गुण्या लावला. लांबीचा पट्टा पाच मीटरला शंभर मिलिमीटर वाकडा निघाला. म्हणजे सव्वा मीटरच्या आसाला बरोबर पंचवीस. मी तिथेच ओरडलो की हे पट्टे कोणा गाढवाने मारले. वासंतीबाई खिडकीत आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. इतिवृत्ताची वही आणून त्यांनी मला खिडकीतून वाचून दाखवलं. चार वर्षांपूर्वीच्या सभेत श्री. दिगंबर आगाशे यांनी, आपल्या गाडीचं दार खांबाला घासतं या कारणास्तव, पट्ट्याचं पुढचं टोक शंभर मिलिमीटर कुंट्यांच्या बाजूला सरकवण्याची मागणी केली. दीड तास चर्चा झाली. ठराव पाच विरुद्ध चार मतांनी संमत झाला. पट्टा मारताना श्री. आगाशे यांनी स्वतः टेप धरला.

हरलेलं भांडण माणूस नातवंडांना सांगतो. जिंकलेलं मात्र साफ विसरून जातो. कुंटे तोवर आपल्या दारात येऊन उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांचं व्याज होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आगाशे, वाळू पाठवू का.

मंगळवारी पोरं गाडी मच्छिंद्रच्या दुकानात न्यायला आली. चौतीस वर्षं मी इतरांच्या चुकांचे अहवाल लिहिले. त्याच नमुन्यात मी एक लिहून ठेवला होता. दोष, मागचा आस तिरका. प्रमाण, पंचवीस मिलिमीटर. जबाबदार, दिगंबर आगाशे. ड्रायव्हरचा संबंध, नाही. तो मी योगेशला सगळ्यांदेखत वाचायला लावला. त्याने दोनदा वाचला. “पण काका, तुम्हीच तर म्हणालात की गॅस…” असं तो म्हणायला लागला, तेव्हा मी म्हणालो की तेही त्यात दुसऱ्या पानावर आहे. पोरगा वाईट नाही. त्याने सुरुचीला ‘सॉरी’ म्हटलं आणि जागा तिला परत दिली. ‘सध्या तरी’ म्हणाला नाही.

त्याच संध्याकाळी मी शिवण्याला मच्छिंद्रकडे गेलो. माफीचं वाक्य मी वाटेत तयार केलं होतं. त्याने ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि चहा सांगितला. मग त्याच्या देखरेखीखाली मी डावी दांडी पुन्हा लांब केली आणि तिचा बोल्ट एक भोक खाली घेतला, उजवीचा तसाच ठेवला. दोन बाजू मुद्दाम असमान ठेवून बोल्ट आवळताना कोणी बघत नाही ना, हे मी दोनदा पाहिलं. इतकं अनैतिक काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

आता घोळ असा की सोमवारी योगेशने शर्यतीच्या फॉर्ममध्ये ड्रायव्हर म्हणून स्वतःचं नाव भरून टाकलं होतं, आणि एकदा भरलेला फॉर्म ऑनलाइन बदलत नाही. बदलासाठी शर्यतीच्या दिवशी दहाच्या आत लेखी अर्ज. मी साडेनऊला आयोजकांच्या मांडवात जाऊन अर्ज दिला. टेबलावरच्या माणसाने, ठेवा तिथे, असं सांगितलं. मी नुसता ठेवला नाही. त्याच्याकडून दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का आणि वेळेसकट.

शर्यतीत अकरा गाड्या होत्या. मी कुंपणाला धरून उभा होतो. पहिलं डावं वळण आलं तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी वळणाच्या पलीकडे होती, शांतपणे, बूड जागच्या जागी ठेवून. सुरुची सातवरून पाचवर आली, पाचवरून चारवर, आणि शेवटच्या फेरीत एका गाडीच्या आतल्या बाजूने शिरून तिसरी. मच्छिंद्रने माझ्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की माझा चष्मा मातीत पडला.

ती उतरली, हेल्मेट काढलं. दातसुद्धा मातीने लाल झाले होते. मी पुढे जाणार तोच भोंग्यातून आवाज आला. “तृतीय क्रमांक, ड्रायव्हर योगेश!” मांडवात जाऊन आलेल्या पोराने सांगितलं की सिस्टीममध्ये योगेशच आहे, प्रमाणपत्रही तसंच छापून आलंय, आता काही होणार नाही. योगेश स्वतः लाजला होता. तो म्हणाला, जाऊ दे काका, शेवटी टीमचंच नाव आहे ना. हेमा म्हणाली, अहो, पोरीचा आनंद आहे आज, तमाशा नको.

सुरुचीचं हसू तेवढं गेलं होतं.

मी खिशातून पोच काढली होती. पाय मांडवाकडे वळले होते. तोंडात वाक्यंही आली होती, आणि त्यातलं एकही छापण्यासारखं नव्हतं. पण मी थांबलो. आयुष्यात भांडायला निघून मी कधी थांबलेलो नाही, त्यामुळे तोल जरा गेलाच. मी मागे वळून तिच्यापाशी गेलो आणि विचारलं, “जाऊ का?”

तिने बाहीने तोंड पुसलं. माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जा,” ती म्हणाली. “आणि हळू बोलू नकोस.”